पडद्याचा पाइप

पार्सल आलं तेव्हा मी न्हाणीत होतो आणि दार बायकोनं उघडलं. माझ्या फजितीची सुरुवात तिथून झाली. पंचा गुंडाळून बाहेर आलो, तर ती एक लांबट गोल नळकांडं हातात धरून उभी. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला त्याला इतकी वर्षं झाली, पण त्या पार्सलला ते कुणी सांगितलं नव्हतं. ते आधी गोंदियाला जाऊन, तिथली हवा खाऊन आमच्या अड्याळला आलं होतं.

"अजी, हे काय होय?" तिनं विचारलं.

"पडद्याचा पाइप," मी म्हणालो.

खोटं बोलायचं तर माणसानं जरा डोकं तरी चालवावं. आमच्या घरात एकाही खिडकीला पडदा नव्हता. सारी नोकरी जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये गेली, तिथं खिडकीला जाळी आणि जाळीला धूळ. पडदे लावायचं आमच्या कधी मनातच आलं नाही. बायकोनं ते नळकांडं वरखाली न्याहाळलं, कपाटावर ठेवलं आणि म्हणाली, "बरं केलं. मी म्हनतच होती, समोरच्या खिडकीतून रस्त्यावरचे सारे लोक आत पाह्यतेत." तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता आठवलं की कान तापतात.

त्या नळकांड्यात मासे धरायची काठी होती. ज्याला फ्लाय फिशिंग म्हणतात, त्याची. आणि ती मी अशा दिवसांत मागवली होती की तिच्याबद्दल खरं बोलायची सोय नव्हती. वर्षावास चालू होता आणि विहारात ग्रंथ वाचायला मी बसत होतो.

आमच्या बौद्ध वस्तीत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतात. रोज दिवेलागणीला लोक विहारात जमतात, त्रिशरण-पंचशील होतं, मग एक जण ग्रंथ वाचतो आणि बाकीचे ऐकतात. बरीच घरं या दिवसांत मटण-मासे बंद ठेवतात. सक्ती कुणावर नसते, ज्याच्या मनाला वाटेल तो पाळतो. पण वाचणाऱ्यानं पाळावं अशी लोकांची अपेक्षा असते आणि ती अपेक्षा मला फार आवडत होती. फॅक्टरीत जन्मभर मी "हो साहेब, जी साहेब" करत आलो. इथं खुर्चीवर बसलो की माझ्याहून वडील माणसं चटईवर बसून माझ्या तोंडाकडे पाहत. त्या खुर्चीला मी चिकटलो होतो. ती जाईल याची मला धास्ती होती, पुढचं सगळं त्या धास्तीतून घडलं.

बायको माझी वैनगंगेकाठची. तिच्या माहेरी भातावर मासोळीचा रस्सा नसला तर पाहुणा उपाशी गेला असं समजतात. माझ्या वाचनापायी तिनंही आषाढात मासे सोडले. एकदा सवयीनं तिच्या हातून वांग्याच्या भाजीत मूठभर सुके झिंगे पडले. मी ताटावरून उठलो. नुसता उठलो असतो तरी चाललं असतं. मी जीव न घेण्याच्या पहिल्या शीलावर भाषण दिलं. पाणातिपाता म्हणजे काय, जीव लहान असो की मोठा, झिंग्यालाही जगायचं असतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, भाजी शेजारी नेऊन दिली आणि माझ्यासाठी बेसन टाकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते हे. कोरडा पाषाण पुढच्याच आठवड्यात पार्सलनं आला.

गळ मला नवा नव्हता. लहानपणी कोंढ्याच्या तलावावर बाबांनी बांबूची काडी माझ्या हाती दिली होती. टोकाला दोरा, दोऱ्याला पिसाच्या नळीचं तरंगणं, खाली गळ आणि गळाला गांडूळ. तरंगणं बुडायच्या आधी जरा थरथरतं, त्या थरथरीसाठी मी शाळा बुडवली, मार खाल्ला. पुढे नोकरी लागली, फॅक्टरीची बस धरायची, आठ तास काढायचे, परत बस धरायची. त्यात गळ कुठं हरवला ते कळलंही नाही. निवृत्त होऊन अड्याळला घर बांधलं आणि रिकामपणी मोबाइलवर मासे धरणारी माणसं पाहू लागलो.

त्यात एक गोरा म्हातारा होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो दोरी हवेत मागंपुढं खेळवायचा. गळाला गांडूळ नाही, पिसाची बनवलेली माशी. ती पाण्यावर अलगद टेकायची, मासा उसळी मारायचा. मग म्हातारा मासा हातात घेऊन दोन शब्द बोलायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. मासा जायचा, म्हातारा हसायचा. मी खाटेवर उठून बसलो. यात गांडुळाचा जीव जात नव्हता, माशाचाही जात नव्हता. म्हणजे शीलही राहतं आणि तरंगण्याची ती थरथरही मिळते. इतकं सोवळं पाप मी आजवर पाहिलं नव्हतं.

हौस आली की अक्कल रजेवर जाते. मोबाइलवर सामान निवडताना मी स्वतःला जुना खेळाडू समजत होतो. तलावावर वाढलेल्या माणसाला कुणी काय शिकवावं? या काठीला नंबर असतो, दोरीलाही नंबर असतो आणि दोन्ही जुळावे लागतात, असं तिथं लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण साध्या गळात वजन गळाला असतं आणि दोरी त्याच्यामागून जाते, इथं मात्र पिसाच्या माशीला वजनच नाही, म्हणून दोरीच वजनदार करून तीच फेकायची असते, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. काठी मी हलकी घेतली, वयाचा विचार करून. दोरी मात्र घेतली सगळ्यात जाड, कारण आमच्याकडे म्हशीचं दावं घेतानाही जाडच बघतात. ती नारिंगी रंगाची होती आणि फार सुंदर दिसत होती.

बाकीच्या सामानाचं तर विचारू नका. खिसेच खिसे असलेलं जाकीट घेतलं, त्या खिशांत ठेवायला माझ्याकडे तंबाखूच्या डबीशिवाय काही नव्हतं. रुंद काठाची टोपी घेतली आणि पाण्यातलं दिसतं म्हणून काळा चष्मा. टोपी आणि चष्मा चढवला की आरशात मी मलाच ओळखू येत नव्हतो. खरं सांगायचं तर या दोन वस्तू मी त्याच गुणावर पसंत केल्या. गळ आले तेव्हा मात्र मी पक्कड घेऊन प्रत्येकाचा उलटा काटा चेपून टाकला, माशाला कमी लागावं म्हणून. ते करताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

सराव गच्चीवर. बायकोला सांगितलं, व्यायाम करतो. नारिंगी दोरी मागं फेकली की काठी भरल्या कणसासारखी वाकायची आणि पुढं आणली की दोरी माझ्याच डोक्यावर गुंडाळून यायची. एकदा ती शेजारच्या वाळत घातलेल्या साडीत अडकली. शेजारीण खालून पाहत राहिली आणि मी साडी सोडवत "वारा फार आहे" असं म्हणालो. पान हलत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझी तर गच्चीही वाकडी होती. शेवटी नंबर जुळणारी बारीक हिरवी दोरी मागवली, नारिंगी गुंडाळून कपाटामागं टाकली. इकडं बायकोनं अड्याळच्या बाजारातून पडद्याचं कापड आणून शिवायला घेतलं होतं. मशीनचा आवाज आला की मी गच्चीवर जायचो.

गावचा तलाव मच्छीमार मंडळींकडे असतो, तिथं मी जाणार नव्हतो. ओळखीच्या एका शेतकऱ्याची बोडी होती, धानाच्या बांध्यांना पाणी देण्यापुरतं लहानसं तळं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "पकडा ना, भाऊ. पन सोडून देता मंजे काय? मंग पकडता कायले?" मी त्याला सगळं समजावलं. शील, हेतू, चेपलेला काटा. आजारी माणसाला म्हणतात तसं तो "बरं, बरं" म्हणाला.

पहिला मासा लागला त्या सकाळचं मी खोटं बोलणार नाही. बोटभर लांबीचं चिल्लर पिल्लू होतं. पण माशी पाण्यावर टेकली, पाणी फुटलं आणि दोरीतून ती थरथर हातात आली, तेव्हा मी कोंढ्याच्या तलावाच्या बांधावर, पाळीवर उभा होतो आणि मागं बाबा होते. मी एकटाच मोठ्यानं हसलो. पिल्लू सोडून दिलं, ते गेलं. घरी येताना मी धुवून काढल्यासारखा हलका झालो होतो.

दार उघडलं तर समोरच्या खिडकीला पडदा होता. निळ्या फुलांचा, नीट चुण्या घातलेला. तो नारिंगी दोरीवर टांगला होता. दोन खिळे, मध्ये ती जाड दोरी ताणून बांधलेली.

मी दारातच थबकलो. बायको तांदूळ निवडत होती.

"पाइप तं तुम्हाले रोज सकारी लागते," ती म्हणाली, "म्हनून म्या दोरीवर भागवलं."

बस, एवढंच. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, मला तेवढं चांगलं जमतं. ती तांदूळ निवडत राहिली. मी खिसेवालं जाकीट अंगात घालून उभा होतो आणि झिंग्यांचा विषय तिनं काढला नाही. तो तिनं काढावा म्हणून मी बराच वेळ उभा राहिलो.

लाज असलेल्या माणसानं तिथंच थांबायला हवं होतं. मी दोन दिवस घरी बसलो आणि तिसऱ्या दिवशी परत गेलो. आता तिला माहीत आहे, म्हणजे लपवाछपवी उरली नाही, असा हिशेब मी मनाशी केला. जिला मूठभर झिंग्यांसाठी ताटावरून उठून दाखवलं, तिला विचारून जावं, हे सुचलं नाही.

त्या सकाळी मरळ लागला. मोठा, काळपट, हाताला भरणारा. काठी अशी वाकली की मला वाटलं गेली. किती वेळ झटापट झाली कोण जाणे, शेवटी मी त्याला काठावर ओढलं. गोरा म्हातारा मासा पाण्यातच धरून दोन शब्द बोलायचा. मला फोटो हवा होता. एका हातात मरळ, एका हातात मोबाइल, काळ्या चष्म्यातून मोबाइलवरचं काही दिसेना. मरळ निसटून दगडावर पडला, मी उचलला, पुन्हा पडला. गळ खोल गिळला होता, तो काढताना रक्त आलं. फोटो नीट यावा म्हणून मी त्याला गवतावर ठेवून कोन बदलत बसलो. मग पाण्यात सोडलं तर तो कुशीवर झाला. मी त्याला हातानं पुढंमागं हलवत राहिलो. पोट वर करून तो तरंगू लागला.

मरळ चिवट जातीचा मासा. बाजारात ओल्या पोत्याखाली तासन् तास जगतो. माझ्या प्रेमानं तो मेला.

घरी नेता आला असता. बायकोनं त्याचं काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. तिच्या हातचा मरळ खाऊन माझे साहेब लोक बोटं चाटत गेले आहेत. पण वर्षावासात वाचणाऱ्याच्या घरातून माशाचा वास आला असता तर? मी पाळीची ओली माती हातानं उकरली, त्याला आत ठेवलं, माती लोटली आणि पायानं दाबली. पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर कुणीतरी गवत कापत होतं. माझ्या डोक्यावर टोपी होती.

दुसऱ्या दिवशी विहारात संध्याकाळचं वाचन झालं. वाचनानंतर कुणाला काही विचारायचं असलं तर विचारायची पद्धत आहे. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाई उठल्या. गवताचे भारे विकून पोट भरणारी, कमरेत वाकलेली बाई.

"भाऊ, एक विचारू?"

"विचारा ना, आजी."

"बोडीवर एक मानूस पाह्यला म्या. टोपीवाला, कारा चष्मा. लंबी दोरी हवेत फिरवे. मासा काढे, पाहे अन् पान्यात सोडून दे. मले वाटलं, भला मानूस हाय. मंग एक मोठा मरळ त्याच्या हातात मेला. तं त्यानं तो पाळीत गाडला अन् चालला गेला. त्याचं कोनतं शील मोडलं?"

"गाडला?" मागून एक जण म्हणाला. "मरळ गाडला?"

कुजबुज सुरू झाली. मारल्याबद्दल कुणी फारसं बोलेना, गाडल्याबद्दल मात्र सगळ्यांनाच बोलायचं होतं. "खाल्ला असता तं एक डाव समजलो असतो," एक म्हातारा म्हणाला. एक बाई म्हणाली, "आपन इथं झिंग्याची डबी बंद करून बसलो, अन् हा मरळ मातीत घालते."

मी खुर्चीवर होतो. उत्तर मला द्यायचं होतं. घसा खाकरून मी म्हणालो, "आता यात हेतू पाहावा लागतो. मारायचा हेतू नसेल, तर..."

"गळ टाकला, तो हेतू नाही तं काय होय?" आजीबाई म्हणाल्या. त्यांना खरंच विचारायचं होतं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल पूर्ण विश्वास होता.

"कोन होय पन तो?" कुणीतरी विचारलं.

"असाच टोपीवाला मले काल सकारी आपल्या गल्लीतून जाताना दिसला, भाऊ," आमचा शेजारी म्हणाला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तोंड उघडलं. मी होतो, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी समोरच्या ग्रंथाचं पान उलटलं.

"माहा भाऊ होय तो," बायकांच्या बाजूनं आवाज आला. माझी बायको होती. "नागपूरवरून आला होता. शहरात राहून त्याले अक्कल नाही रायली. मी सांगीन त्याले."

लोक हसले. मेव्हणा म्हटल्यावर हसायला सगळ्यांना मोकळीक असते. "सांग बाई," आजीबाई म्हणाल्या, "मरळ असा गाडत नसतेत." बिचारा माझा मेव्हणा, त्याला माशाच्या वासानं मळमळतं.

घरी जाताना ती पुढं चालत होती. कंदील-बॅटरी काही लागत नाही आता, रस्त्यावर दिवे आहेत. तिची पाठ मला सारी वाट दिसत होती. बोडीबद्दल तिला ठाऊक होतं, मरळाचं ती तिथं पहिल्यांदा ऐकत होती. घरी आल्यावर तिनं भाताचं भांडं उतरवलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "केवढा होता?"

मी दोन्ही हात पसरून दाखवलं. तिनं त्या दोन हातांमधली जागा पाहिली. मग भातावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे पंचशील सुरू झालं. एकेक शील मी आधी म्हणायचो, मग सगळे म्हणायचे. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथं खोटं न बोलण्याचं. मी ते म्हटलं आणि सगळ्यांच्या आवाजात तिचा आवाज नव्हता. मी पाहिलं. हात जोडलेले, मान सरळ, ओठ मिटलेले. पाचव्याला ती पुन्हा सगळ्यांबरोबर म्हणू लागली. जे आपल्या हातून मोडलं ते म्हणायचं नाही, असं तिनं ठरवलं असावं. त्या दिवसापासून वर्षावास संपेपर्यंत ती रोज चौथ्याला गप्प राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र रोज पाचही म्हणत होतो, पहिल्यासकट, खणखणीत आवाजात. म्हणणारा गप्प राहिला तर सारं विहार थांबेल, असं मी स्वतःला सांगत असे.

काठी नळकांड्यात गेली आणि नळकांडं कपाटावर. पुन्हा ती मी काढली नाही.

आश्विन पौर्णिमेच्या सकाळी ती न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून आली. घरातल्या मूर्तीपुढं तिनं मेणबत्ती लावली आणि चटईवर बसली. मी पेपर वाचत होतो.

"अजी, जरा इकडे या," ती म्हणाली. "तुम्ही वाचनारे आहा. मले चौथं शील परत द्या."

शील कुणाकडून तरी घ्यायचं असतं. भंतेजी, म्हणजे भिक्खू, नसले तर जाणत्या माणसाकडून घेतात. अख्ख्या अड्याळात तिला मीच जाणता सापडलो. मी तिच्यासमोर बसलो, हात जोडले आणि म्हणालो, "मुसावादा वेरमणी, सिक्खापदं समादियामि."

तिनं ते माझ्यामागून म्हटलं, सावकाश, एक अक्षर न गाळता. मग मूर्तीपुढं डोकं टेकवलं, पदर सावरला आणि उठली. तिचा चेहरा पुष्कळ दिवसांनी मोकळा दिसला. ती आत चहा मांडायला गेली.

मी तसाच बसून राहिलो. हात जोडलेलेच होते. खिडकीत पडदा हलत होता, वर त्याची नारिंगी दोरी. पहिलं शील मलाही कुणाकडून तरी परत घ्यायला हवं होतं आणि ते देऊ शकेल असं एकच माणूस त्या घरात होतं. मी हाक मारली असती तर ती हात पुसत आली असती, समोर बसली असती.

"चाय गोड करू का?" तिनं आतून विचारलं.

"साखर कमी टाक," मी म्हणालो.